हिम्मत सिंहचा हिशेब

परदेशात स्थायिक झालेल्या माझ्या एका शाळासोबत्याने गेल्या आठवड्यात दूरध्वनीवर विचारले, "तू इतकी वर्षे दिल्लीत सरकारी नोकरीत आहेस. 'स्पेशल ऑप्स'मध्ये दाखवतात तसे खरोखर असते का रे?" मी गुप्तचर खात्यात कधीच नव्हतो. माझी नोकरी अनुदाने, अंदाजपत्रके आणि हिशेब यांच्या फायलींत गेली. त्यामुळे त्या मालिकेतील बंदुकांविषयी मला काही सांगता येणार नाही. परंतु तिच्यात चौकशीची एक खोली आहे, आणि तिच्याविषयी मात्र मी थोडे अधिकाराने बोलू शकतो.

नीरज पांडे यांची ही मालिका मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, हॉटस्टारवर आली. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. त्यात पाचही हल्लेखोर मारले गेले, आणि आपल्या बाजूचे सुरक्षा कर्मचारी व एक माळी प्राणांस मुकले. हा झाला इतिहास. मालिकेची कल्पना अशी की, हल्ल्यात एक सहावा माणूसही होता. 'रॉ'मधील हिम्मत सिंह हा अधिकारी त्याच्या मागावर वर्षानुवर्षे राहतो. इतर कोणाचाही त्यावर विश्वास नसतो. दरम्यान त्याने केलेल्या मोठ्या खर्चाचा हिशेब लागत नाही, म्हणून बॅनर्जी आणि चढ्ढा हे दोन अधिकारी त्याला समोर बसवून प्रश्न विचारतात. सारी कथा या प्रश्नोत्तरांतून उलगडते.

मालिकेचे खरे बलस्थान हेच आहे. आपल्याकडील हेरकथांत नायकाला पैसा कोठून येतो, हे कोणी विचारत नाही, येथे विचारतात. के के मेनन यांनी उभा केलेला हिम्मत सिंह थकलेला, मितभाषी आणि किंचित चिडलेला आहे. वरिष्ठांसमोर बसलेला अनुभवी सरकारी नोकर असाच दिसतो. विनय पाठक यांचा दिल्ली पोलिसांतील अब्बास शेखही तितकाच खरा वाटतो.

उणिवा परदेशात गेल्यावर दिसू लागतात. हिम्मतचे पाच हस्तक निरनिराळ्या देशांत आहेत, पण एक फारूक सोडला तर कोणाच्याही मनात आपण शिरत नाही. दोन्ही स्त्री-हस्तकांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. मात्र माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. सहावा माणूस खरा निघतो, मोहीम फत्ते होते, आणि प्रेक्षकाच्या मनात चौकशीच हास्यास्पद ठरते. यश हीच जणू पावती! अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे मी अडखळतो. जे अंदाज खरे ठरले त्यांच्याच कथा होतात. ज्या हिम्मत सिंहचा सहावा माणूस कधी नव्हताच, त्याच्यावर मालिका निघत नाही; त्याने खर्चलेला पैसा मात्र तितकाच सार्वजनिक असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या 'द फॅमिली मॅन'ने या बाबतीत अधिक धैर्य दाखवले. तेथे एक निरपराध विद्यार्थी मारला जातो, यंत्रणा ते झाकते, आणि ते शल्य नायकाला सोडत नाही.

प्रत्यक्षात काय असते? 'रॉ' १९६८ मध्ये स्थापन झाली ती सरकारी आदेशाने, संसदेच्या कायद्याने नव्हे. गुप्तसेवेच्या खर्चाच्या पावत्या नेहमीच्या लेखापरीक्षणापुढे जात नाहीत. त्यासाठी नेमलेला वरिष्ठ अधिकारी तपासणी करून प्रमाणपत्र देतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातून या संस्थांना वगळले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप हा त्यास अपवाद. अमेरिकेत १९७६ पासून सेनेटची, तर ब्रिटनमध्ये १९९४ पासून संसद सदस्यांची समिती गुप्तचरांच्या कामावर देखरेख करते. आपल्याकडे तशी समिती नाही. म्हणजे बॅनर्जी आणि चढ्ढा यांच्या खुर्च्या वाटतात तितक्या हास्यास्पद नाहीत.

अशाच एका खुर्चीवर मी बसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका वादळानंतर पाणी व औषधे पोहोचवण्यासाठी एका अधिकाऱ्याने दरपत्रके न मागवता रातोरात ट्रक भाड्याने घेतले. चालकांना रोख पैसे दिले. अनेकांच्या पावत्या नव्हत्या. त्या प्रकरणाची चौकशी माझ्याकडे आली. ते वयाने माझ्याहून मोठे, निवृत्तीला आलेले. मी ठरलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "त्या रात्री दर विचारायला बाजार उघडा नव्हता, साहेब."

मला त्यांचे म्हणणे पटले होते. तरीही अहवालात मी लिहिले, 'खर्च झाल्याचे दिसते. पुरावा अपुरा आहे.' दोन्ही वाक्ये खरी होती. प्रकरण निकाली निघेपर्यंत त्यांचे उपदान अडकून पडले, आणि शेवटी काही रक्कम कापूनच हाती आले. पाणी वेळेवर पोहोचले होते, याची नोंद त्या फायलीत कोठेही नव्हती, कारण तो प्रश्न माझ्या आदेशात नव्हता. मी तो स्वतःहून विचारू शकलो असतो.

मालिका पाहताना मला म्हणूनच अवघडल्यासारखे झाले. हिम्मत सिंहला यशाने वाचवले. त्या गृहस्थांना यशही वाचवू शकले नाही. हिशेब मागू नये, असे मी आजही म्हणणार नाही. जेथे पावती मिळणे शक्यच नसते, तेथे तर तो अधिक काटेकोरपणे मागावा. पण मागणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत: पैसा कोठे गेला, आणि त्या क्षणी, त्या माहितीवर, दुसरे काय करता आले असते? फळ काय मिळाले, हे त्यानंतर.

मित्राला मी एवढेच सांगितले, "मालिका जरूर बघ. पण हिम्मत सिंह बोलत असताना समोरच्या दोघांच्या चेहऱ्यांकडेही लक्ष ठेव. तसे तेथे खरोखर असते."