पाच घनफुटांचा खोका

कडावच्या बाजारपेठेमागे माझं सुतारकामाचं दुकान आहे. दारं, चौकटी, देव्हारे हे मूळ काम. पण गेली काही वर्षं गाड्यांच्या वूफरचे बॉक्सच जास्त करतो. कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या ईको, लग्नसराईतले पिकअप, सगळे येतात. प्रत्येकाला मी एकच सांगायचो: बॉक्स जेवढा मोठा, तेवढा आवाज मोठा. ढोल मोठा तर घुमारा मोठा, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यात शंका घ्यावी असं मला कधी वाटलंच नाही.

ते चूक होतं, आणि त्या चुकीचे पैसे दुसऱ्यांनी भरले.

एका ईकोवाल्याने बारा इंची वूफर आणला होता. सोबतच्या कागदावर बंद बॉक्ससाठी सव्वा घनफूट, म्हणजे साधारण ३५ लिटर, असं छापलेलं. मला वाटलं, शहरातल्या गाड्यांच्या लहान डिक्या बघून लिहिलं असणार. मी आतून ३६ बाय १६ बाय १५ इंच घेतलं. गुणाकाराला १७२८ ने भागलं की बरोबर ५ घनफूट. १८ मिलिमीटरचा प्लाय, सांधा न् सांधा सिलिकॉनने बंद. सुतारकामात खोट नव्हती. पण हळदीच्या रात्री त्याने आवाज चढवला, तशी खालच्या ठोक्याला आतून ‘टक्, टक्’ सुरू झाली. मी ठामपणे सांगितलं, अ‍ॅम्प कमी पडतोय. त्याने २५० वॉटचा काढून ५०० चा बसवला. आठवड्यात वूफरची कॉइल गेली. तेव्हाही मी वूफरलाच दोष दिला.

माझी पुतणी फिजिक्स शिकते. तिने सायकलचा पंप आणला. “काका, तोंडावर अंगठा दाबून दांडा खाली करा.” केला, तर हवेने तो उलटा वर रेटला. “आता पंप पिंपाएवढा आहे असं समजा आणि दांडा तेवढाच सरकवा. हवा कितीशी रेटणार?”

बंद बॉक्समधली हवा स्प्रिंगचं काम करते. अमेरिकेत एडगर विलचूर यांनी १९५४ मध्ये याच हवेच्या स्प्रिंगवर चालणारा स्पीकर बाजारात आणला होता. आणि मी ती स्प्रिंगच ढिली करून ठेवली होती. कोनला मागून आधार नाही, म्हणून कॉइल मागच्या पत्र्यावर आपटत होती. वर माझ्या सल्ल्याने वॉट दुप्पट झाले. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. कोनचं सरकणं मात्र जवळजवळ दीडपट झालं. आधीच आपटणारी कॉइल त्यात टिकणार कशी?

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वूफरच्या कागदावर ज्या आकड्यांकडे मी कधी पाहत नव्हतो, ते ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या गणितातले आहेत. समजा, वूफरचा स्वतःचा सूर ३० हर्ट्झ आणि त्याच्या ताणाच्या बरोबरीची हवा ६० लिटर. ६० लिटरच्या बंद बॉक्समध्ये तो सूर ४२ वर जातो, २० लिटरमध्ये थेट ६० वर. म्हणजे लहान बॉक्समध्ये ढोलाचा ठोका छातीवर येतो आणि लोक म्हणतात, केवढा आवाज! पण त्याखालचे सूर दबतात. बंद बॉक्समध्ये एखाद्या सुराला कोन किती हवा ढकलतो, एवढ्यावरच आवाज ठरतो. बॉक्स त्या सरकण्याला कुठे मोकळीक द्यायची आणि कुठे आवरायचं, ते ठरवतो. हे उमजलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण डोळ्यांपुढे एकेक गिऱ्हाईक येत होतं.

माझी आणखी एक चूक होती. मी बॉक्स अंगणात वाजवून पसंत करायचो. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरच्या वर लांब असते; गाडीत ती मावत नाही. काचा बंद असल्या की आतली सगळी हवा एकदम दाबली-सोडली जाते आणि खालचा बेस आपोआप चढतो. अंगणात कोरडा वाटणारा ३५ लिटरचा बॉक्स गाडीत भरून वाजतो. दार उघडा, बेस उतरतो.

मोठ्या बॉक्सलाही जागा आहे, हे मी आता उलट्या टोकाला जाऊन नाकारणार नाही. पोर्टवाल्या बॉक्सला हवा जास्त लागतेच. तिथे पोर्टमधली हवाही कोनच्या जोडीने ढकलते आणि बांधलेल्या सुराच्या आसपास आवाज खरोखर वाढतो. पण त्या सुराच्या खाली कोन मोकाट सुटतो. केएलएच कंपनीच्या नावातले ‘एच’, जोसेफ अँटन हॉफमन, यांचा नियम मी दुकानात भिंतीवर लिहून ठेवलाय: खोल बेस, लहान बॉक्स, कमी वॉटमध्ये मोठा आवाज, तिन्हींतलं एक सोडावंच लागतं. गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो, यातलं काय सोडणार?

चाकाच्या उंचवट्यावर बसणारे वेडेवाकडे बॉक्स मी आता भात भरून मोजतो. आत मावलेलं भात लिटरच्या मापाने काढायचं, त्यातून मॅग्नेट आणि आडव्या पट्ट्यांची जागा वजा करायची. राहील ती खरी हवा.

त्या ईकोवाल्याला नवा वूफर आणि ३५ लिटरचा बॉक्स मी माझ्या खर्चाने दिला. पण जुने बॉक्स अजून रस्त्यावर आहेत. कशेळ्याकडून एखादी गाडी तो सैल, घसटणारा ठोका घेत आली की मी हातातलं काम ठेवून बाहेर येतो. असे तीन थांबवले, आतून आडवी फळी मारून हवा कमी करून दिली, पैसे घेतले नाहीत. चौथा पिकअप सणासुदीला गणपतीच्या देवळासमोरून जातो. त्याच्या मालकाला दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणतो, “तुम्हीच तर सांगितलं होतं, मोठाच घे म्हणून.”