दार लावून बोलायची जागा

आमच्या वस्तीवर दार लावून बोलायची पद्धत नाही. नेवासा तालुक्यात, मुळा उजव्या कालव्याच्या पाण्यावर आमची ऊस-कांद्याची शेती. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलं आणि धाकटे दीर असे सगळे तीन खोल्यांत राहतो. कुणाचा फोन आला तर पडवीत उभं राहून मोठ्यानं बोलायचं. दार लोटलं की आत्याबाई विचारणारच, “काय चाललंय आत?” भाऊजींच्या जुगारावर उपचार घ्यायचे ठरले, तेव्हा पैसे आणि रेंज यांच्या आधी हाच प्रश्न आला. ते बोलणार कुठं बसून?

भाऊजी दूध संकलन केंद्रावर कामाला आहेत. सुरुवात रमीनं झाली. शेतीपंपाला रात्रीची लाइट असली की ते बॅटरी घेऊन पाणी भरायला जायचे आणि बांधावर बसून पहाटेपर्यंत खेळायचे. घरात कौतुक व्हायचं, पोरगं रात्रभर उसात राबतंय. मग क्रिकेटवर पैसे लागायला लागले. घोडेगावच्या बाजारातल्या कांद्याची पट्टी त्यांच्या खात्यावर यायची, ती गेली. पगार गेला, मित्रांकडचे हातउसने गेले आणि शेवटी मोबाइलवरची कर्जं निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि त्यांच्या फोनमधली रमी बंद पडली. पण महिनाभरात कुणीतरी त्यांना ‘आयडी’ काढून दिला. आयडी म्हणजे परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याचं चोरखातं. पैसे एजंटाच्या नंबरवर टाकायचे, तो आकडा चढवून देतो. पूर्वी निदान जाहिरातीत तरी दिसायचं, आता सगळं व्हॉट्सॲपवर कुजबुजत चालतं.

घरात हे कळलं ते माझ्या फोनवरून. मी आशा सेविका आहे. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत बाळांची नावं लिहीत असताना एक अनोळखी माणूस फोनवर भाऊजींचं नाव घेऊन मलाच शिव्या द्यायला लागला. कर्ज देणाऱ्या ॲपनं त्यांच्या फोनमधले सगळे नंबर उचलले होते. त्यात ‘वहिनी’ म्हणून मी होते.

संध्याकाळी गोठ्यात त्यांना गाठलं. आधी “तसं काही नाही वहिनी” म्हणाले, मग खाली बसले आणि हमसून रडले. १४४१६ हा नंबर मला प्रशिक्षणात मिळाला होता. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली, चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही. बाळंतपणानंतर सारखं रडू येणाऱ्या बायकांना मी तो नंबर लिहून देत आले होते. त्या दिवशी विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत बसून आम्ही दोघांनी तो लावला. पलीकडच्या बाईंनी किती हरलात हे विचारलं नाही. झोप लागते का, जेवता का, आणि मग सरळ, “जीव द्यावासा वाटतो का?” भाऊजी म्हणाले, “रात्री पाणी भरताना विहिरीकडं बघतो कधी कधी.” मी शेजारी बसले होते. तो प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारू शकलं नसतं.

त्या रात्रीपासून पाण्याची पाळी माझ्या मालकांकडं आली. नगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवून उदासीवरच्या गोळ्या सुरू केल्या. बोलण्याच्या उपचारासाठी मात्र दर आठवड्याला नगरला, म्हणजे साठेक किलोमीटर, जाणं भाऊजींना नको होतं. खाडा पडतो हे एक कारण. दुसरं म्हणजे दवाखान्याच्या बाकड्यावर ओळखीचं कुणी भेटलं की गावात बातमी आधी पोचणार, “धाकटा वेड्याच्या डॉक्टरकडं होता.” म्हणून पुण्याच्या एका मानसतज्ज्ञ मॅडमकडं व्हिडिओवर सेशन ठरलं. पण ज्या फोनवर जुगार, त्याच फोनवर उपचार कसा चालायचा? मॅडमच म्हणाल्या, त्यांच्याकडं बटणांचा फोन द्या, सेशन वहिनींच्या फोनवर होऊ दे.

आणि जागा निघाली ती मालकांच्या पिकअपची केबिन. कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर एका ठिकाणी रेंज चांगली मिळते, तिथं गाडी उभी करायची, काचा वर घ्यायच्या, माझा फोन डॅशबोर्डवर टेकवायचा. मागच्या हौद्यातल्या कांद्याचा वास आत भरून राहायचा, उन्हाळ्यात भाऊजी घामानं निथळायचे, पण काच खाली करायचे नाहीत. दीर-भावजय बंद गाडीत बसलेली दिसली तर लोकांना निमित्तच. म्हणून मालकांनीही यायचं ठरलं. पहिल्या वेळी ते चिडूनच आले होते आणि पाठ करून कालव्याच्या भरावावर बसले. पुढं त्यांनी ती बैठक कधी चुकवली नाही. रस्त्यानं कुणी आलं की गाडी पंक्चर झाल्याचं तेच सांगायचे.

सेशनमध्ये उपदेश नव्हता. भाऊजींना एक वही घालायला लावली. ओढ कधी आली, कुठं होतो, मनात काय होतं, दहापैकी किती जोर होता, मग काय केलं. दोन-तीन आठवड्यांत वहीनंच सांगितलं की ओढ सामन्यापेक्षा पगाराच्या दिवशी जास्त येते, आणि केंद्रावर कुणी कमीपणानं बोललं की त्या रात्री हमखास. ती ओढ कालव्याच्या आवर्तनासारखी आहे, चढते तशी उतरते, तेवढा वेळ माणसांत काढा, असं मॅडमनी शिकवलं. ‘थोडक्यात हुकलं’ हे भाऊजींचं पालुपद होतं. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मेंदूची चित्रं काढून दाखवलं की थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग जागे होतात जे जिंकल्यावर होतात. हे ऐकल्यावर भाऊजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे हरलो तरी आतनं कोण तरी जिंकला म्हणत होतं.”

खरी झोंबाझोंबी झाली ती कर्जावरून. मामांजींचं म्हणणं होतं, रस्त्याकडचं वीस गुंठे विका, एका दिवसात सगळ्यांची देणी फेडा, पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरू दे. बापाची माया होती ती. मॅडमनी मात्र स्पष्ट सांगितलं की असं करू नका. कर्ज एकदम नाहीसं झालं की ‘घरचे आहेतच’ हे मनात पक्कं होतं आणि नवीन उधारी मिळायलाही वाट मोकळी होते. भाऊजींनी स्वतःच्या हातानं यादी करायची, प्रत्येक देणेकऱ्याला स्वतः भेटायचं, पगारातून हप्ते ठरवायचे. पगार माझ्या हातात, रोजच्या खर्चाला मोजके पैसे. धमक्या देणाऱ्या ॲपवाल्यांविरुद्ध सायबर पोलिसांच्या १९३० वर तक्रार. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, “पुण्यात बसून आमच्या घरात लक्ष घालणारी ही कोण?” मामांजींना दारूची गोष्ट कळत होती, त्यांचा सख्खा भाऊ तीत गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगार दारूच्याच पंगतीला बसवला आहे, हे ऐकल्यावर ते म्हणाले, “मग त्याला पैसे देणं म्हणजे बाटलीच देणं.” जमीन राहिली.

फोनवरच्या बोलण्यानं एवढा मोठा आजार हटतो का, ही शंका मलाही होती. मॅडमनी स्वीडनमधला २००८ चा एक अभ्यास सांगितला. जुगाराच्या आहारी गेलेली ६६ माणसं, आठ आठवड्यांचा इंटरनेटवरचा कार्यक्रम, आठवड्याला पंधरा मिनिटांपेक्षाही लहान फोन. ज्यांना तो लगेच मिळाला त्यांचा जुगार, चिंता आणि उदासी, तिन्ही उतरली. पण तीव्र उदासी असलेली माणसं त्यात घेतली नव्हती, म्हणून नगरच्या गोळ्या सोडायच्या नाहीत, हेही त्यांनी त्याच दमात बजावलं.

मधे एकदा भाऊजी घसरले. मित्राच्या फोनवरून पैसे लावले आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन वहीत लिहिलं. पूर्वी त्यांनी लपवलं असतं आणि गेलेले पैसे काढायला आणखी लावले असते. मला ती वहीतली ओळ पुष्कळ वाटली.

आता माझ्याकडं गावातल्या दोन घरांतून विचारणा आली आहे. एकीचा नवरा आहे, एकीचा कॉलेजात जाणारा मुलगा. दोघींचं पहिलं वाक्य तेच, “घरात बोलता येत नाही.” नंबर मी देऊ शकते, नव्या कायद्यात शिक्षा सट्टा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, हेही सांगू शकते, कारण पोलिसांच्या भीतीनं माणसं तोंड उघडत नाहीत. पण सगळ्यांकडं पिकअप नसते. आमच्या उपकेंद्रात मागच्या बाजूला एक खोली आहे, जुनी कपाटं आणि मोडका पाळणा ठेवलेली. तिला दार आहे, आतून कडी आहे. ती रिकामी करून तिथं नेट आणि दोन खुर्च्या द्याव्यात, असा अर्ज मी ग्रामपंचायतीला दिला आहे. येत्या ग्रामसभेत तो वाचून दाखवायला भाऊजी उभे राहणार आहेत. मी नको म्हणाले होते, ते म्हणाले, “वहिनी, मीच वाचतो.”