राजमाचीचा पाऊस आणि एक कोरडा जोड

पावसाळा सुरू झाला की आमच्या घरी एक संवाद हमखास होतो. हे म्हणतात, “चला, यंदा सगळे मिळून डोंगरात जाऊ,” आणि मी मनातल्या मनात ओले टॉवेल मोजायला लागते. लग्नाला बारा वर्षं झाली. दर वर्षी हे आपल्या मित्रांबरोबर जातात, आणि चिखलाने माखलेले कपडे धुवायचं काम मात्र माझ्याकडे येतं. गेल्या जुलैत म्हटलं, होऊन जाऊ दे. आमची नऊ वर्षांची छोकरीही हट्टाला पेटली होती. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “पोरीला कशाला नेता पावसात?” मी हसण्यावारी नेलं.

आम्ही बारामतीचे. आमच्याकडचा पाऊस म्हणजे अंगणात वाळत घातलेले पापड उचलेपर्यंत थांबलेला असतो! मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात, हे दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. पण आमच्याकडे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस लोणावळ्याला जुलैतल्या एका जोरदार आठवड्यात पडू शकतो, याचा अर्थ काय, ते मला तिथे गेल्यावर कळलं.

राजमाचीला दोन वाटा आहेत. कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून चढणारी वाट दमछाक करणारी. लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाजवळून जाणारी त्यामानाने सपाट, पण चांगली पंधरा-सोळा किलोमीटर लांब. मुलगी बरोबर म्हणून आम्ही दुसरी धरली. तयारी म्हणाल तर पुण्याच्या मोठ्या दुकानातून तिघांना नवे रेनकोट, सॅकवर घालायची कव्हरं, सगळं आणलं होतं. कपडे मात्र मी घरच्यासारखे घेतले. मला नि मुलीला जीन्स, सुती बनियन, वर सुती शर्ट. आणि बॅग भरताना, जे आधी लागणार ते वर, या आपल्या नेहमीच्या हिशेबाने भरली.

पहिला तास मजेत गेला. दरीतून ढग वर येत होते, वाटेच्या कडेला तेरड्याची रोपं वर आली होती, आणि जिकडे पाहावं तिकडे कड्यावरून पांढऱ्या धारा. दुसऱ्या तासाला माझ्या लक्षात आलं, की रेनकोटच्या आतूनही मी भिजले आहे. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं हे खरं, पण आतला घामही बाहेर जात नव्हता ना! जीन्सचं तर विचारू नका. ओली गोधडी पायाला बांधून चालावं तसं झालं. सॅकचं कव्हर वरून घट्ट, पण पाठ आणि सॅक यांच्या फटीतून पाणी ओघळत होतं आणि खाली त्याच कव्हरात साठत होतं. पखालच म्हणा ना.

ओढे मात्र हे फार जपून पार करत. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्यातच भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. एका ओढ्याशी आम्ही पाऊण तास नुसते उभे राहिलो, पाणी उतरायची वाट बघत. त्या पाऊण तासानेच घात केला. चालताना अंगात ऊब असते. थांबलं की वारा ओल्या कपड्यांतून थेट हाडाला भिडतो. छोकरी कुडकुडायला लागली. पुढे उधेवाडी जवळ आली तेव्हा ती कुडकुडायची थांबली होती आणि बोलायचीही. मला वाटलं, दमली असेल. खरं सांगू? अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो. थंडीने कुडकुडणारं मूल एकाएकी गप्प झालं, पेंगायला लागलं, तर त्याला दमणूक समजू नका. शरीराची ऊब संपत आल्याची ती खूण असते.

उधेवाडीत घरोघरी राहायची-जेवायची सोय होते. आम्ही शिरलो त्या घरातल्या मावशींनी पोरीकडे एकदा पाहिलं मात्र, आणि माझ्यावरच डाफरल्या, “बाई, बघत काय बसला? आधी तिचे कपडे काढा, अंग कोरडं करा. चुलीम्होरं मागनं!” मी सॅक उघडली. तळाशी ठेवलेला मुलीचा जोड पिळून काढावा इतका ओला. माझाही ओला. तिघांत मिळून एक कोरडा रुमालसुद्धा नाही. बारा वर्षं घर चालवणारी बाई मी, लाज वाटली हो! मावशींनी आपल्या लुगड्याने तिला पुसली, घोंगडीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन घोटघोट गोड चहा पाजला. अर्ध्या तासाने छोकरी म्हणाली, “आई, ही घोंगडी टोचते.” इतकी गोड तक्रार मी आजवर ऐकली नव्हती.

रात्री चुलीवरच्या वलणीवर आमचे कपडे धुरात वाळत होते आणि घरातले आजोबा गोष्टी सांगत होते. त्यांचे वडील पावसाळ्यात रानडुकराच्या मागे जात. (आता ते नाही, १९७२ च्या कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, आणि ते बरंच झालं.) डोक्यावरून घोंगडीची खोळ, अंगावर लंगोटी, बाकी उघडंच. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, आणि उघडं अंग पुसलं की कोरडं! पण ठासणीच्या बंदुकीची दारू तेवढी बांबूच्या नळकांड्यात, तोंडाला मेण लावून. आजोबा म्हणाले, “मानूस भिजला तर वाळतो. दारू भिजली तर रिकाम्या हातानं घरी.”

मी मनात म्हटलं, आपण नेमकं उलटं केलं. अंग कोरडं ठेवायला हजारो रुपये घातले आणि रात्रीचा जोड तसाच सोडला.

तेव्हा तुम्ही जाणार असाल तर माझं एवढं ऐका. दिवसा भिजणार, हे धरूनच चला. जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा. खेळाचे पातळ सिंथेटिक कपडे भिजले तरी जड होत नाहीत, लवकर वाळतात. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड (आतले कपडे, मोजे, लोकरी टोपी आणि स्वेटर धरून) वेगळा बांधा. खताच्या गोणीच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी असते, ती स्वच्छ धुऊन वाळवून सॅकच्या आत घाला, बाहेरून नव्हे. तोंड पिळून, दुमडून बांधा. काड्यापेटीला आपली फिरकीच्या झाकणाची लोणच्याची छोटी बरणी फार छान. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, निम्मं पाणी शोषलं जातं. थांबलात की लगेच काहीतरी अंगावर घ्या, मुलांच्या हातात गूळ-शेंगदाणे द्या. आणि वाटेत कितीही मोह झाला, तरी तो जोड सोडायचा नाही. तो रात्रीचा.

सकाळी पाऊस तसाच होता. भैरवनाथाच्या देवळापर्यंत गेलो. तिथून श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दोन बाजूंना असतात म्हणे. आम्हाला धुक्यात पायऱ्यांपलीकडे काही दिसलं नाही. निघताना चुलीवर वाळलेले कपडे पिशवीत घातले आणि पडवीतले थंडगार ओले कपडे पुन्हा अंगावर चढवले. यासारखी शिक्षा नाही बरं का! छोकरी तर किंचाळलीच. पण पाच मिनिटांत चालू लागलो नि ऊब आली. लोणावळा स्टेशनच्या प्रतीक्षालयात कोरडे कपडे घातले, तेव्हा त्यांना चुलीच्या धुराचा वास येत होता.

सासूबाईंना मी फोनवर म्हटलं, “छान झाली सहल, जरा पाऊस होता.” घरी पोचल्यावर छोकरीने मात्र आजीच्या मांडीवर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तो माळ्यावरच्या ट्रंकेतली त्यांची जुनी घोंगडी गच्चीवर उन्हात पसरलेली.