पारावरचा शब्द

आमच्या भालकी तालुक्यातल्या गावी हरिनाम सप्ताहाची बैठक मारुतीच्या पारावर बसायची. वर्गणी किती, काल्याच्या कीर्तनाला उदगीरकडचे महाराज आणायचे की निलंग्याचे, वीणेचे पहारे कुणाकडे, सगळं तिथंच ठरायचं. बोलायची मुभा बसलेल्या सगळ्यांना, पण शेवटचा शब्द विणेकरी आप्पांचा. जमीन त्यांची जेमतेम, तीही कोरडवाहू. मान मिळाला होता तो ऐन रात्रीचा पहारा वर्षानुवर्षं न चुकवल्यामुळे.

१९७२च्या दुष्काळात पंगत रद्द करायचं जवळपास ठरलंच होतं. बायकांतून एक नवी सून म्हणाली, घरटी एक भाकरी गोळा करू. कुजबुज सुरू झाली. आप्पांनी एवढंच विचारलं, "दारोदार तू फिरशील का, माय?" ती "फिरते" म्हणाली. पंगत झाली, आणि पुढच्या वर्षापासून पंगतीचं तिला विचारल्याशिवाय ठरेना.

राबणाऱ्याचा शब्द मानायचं हे आमच्या मातीतच असावं. शेजारच्या बसवकल्याणात बाराव्या शतकात अनुभव मंटप, म्हणजे शिवशरणांची सभा, भरायचा, असं परंपरा सांगते. तिथलं शून्यसिंहासन बिज्जळ राजाचे मंत्री असलेल्या बसवण्णांनी स्वतःकडे ठेवलं नाही; त्यावर बसले अल्लमप्रभू, मूळचे मद्दळे वाजवणारे. पंधराव्या शतकातल्या 'शून्यसंपादने'त तिथले संवाद गुंफले आहेत. तरुण संतकवयित्री अक्कमहादेवी आली तेव्हा अल्लमांनी तिला भर सभेत अवघड प्रश्न विचारले, आणि उत्तरं ऐकून तिचं मोठेपण मान्य केलं. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या मारय्यांनी एकदा गरजेपेक्षा जास्त आणले, तर पत्नी लक्कम्मानं ते परत करायला लावले. तिचा शब्द चालला, कारण तीही त्याच कष्टावर जगत होती.

आता सप्ताहाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. वेशीपलीकडच्या वस्तीचा शब्द पूर्वी पारापर्यंत पोचत नव्हता, इथं पोचतो. ही मोठी कमाई आहे, ती गमावू नये. कल्पनाही चांगल्या येतात. मुलींना पखवाज शिकवावा, असं एका पोरीनं लिहिलं. पुण्या-हैदराबादहून भराभर अंगठे आले. शिकवणार कोण, हे कुणीच विचारलं नाही आणि सूचना तशीच वर सरकून गेली. पहारा देणाऱ्या म्हाताऱ्यांकडे साधे फोन; त्यांना सगळं ठरल्यावर कळतं.

गावच्या पोरांनो, ग्रुप राहू द्या. पण यंदाची बैठक पारावर घ्या, वेशीपलीकडच्यांनाही बोलवा आणि त्या पोरीला पखवाजाचं आप्पांच्या पिढीसमोर बोलू द्या.