सरकार आणि उंबरठा

सरकारनें मनुष्याच्या घरांत शक्य तितकें कमी शिरावें, असें माझें फार दिवसांचें मत आहे. कोणीं काय वाचावें, कोणता धंदा करावा, देवास कसें भजावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. चुकला तर ठेंच त्यालाच लागेल व शहाणपणही त्यालाच येईल.

परंतु इ. स. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याविषयीं वाचतांना मी अडखळलों. त्या कायद्यानें मुलींचें संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेलें. समाजसुधारणा परक्या सरकारच्या कायद्यानें होऊं नये, असें टिळकांचें म्हणणें. मीही प्रथम तिकडेच झुकलों. व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी आगरकर मात्र कायद्याच्या बाजूस उभे राहिले! हें कोडें मला पुष्कळ दिवस सुटेना. शेवटीं उमगलें कीं, मी घराच्या स्वातंत्र्याविषयीं बोलत होतों. त्या घरांतील १० वर्षांच्या मुलीस कोणींच विचारलें नव्हतें.

माझें मत अजूनही तेंच आहे. मात्र दाराआड एखादा दुर्बळ जीव रडत असेल, तर सरकारनें तें दार ठोठावलेंच पाहिजे. एरवीं त्यानें उंबरठ्याबाहेर थांबावें. आणि आपण आंत आपलें वर्तन असें ठेवावें कीं, त्यास यावेंच लागूं नये.