तामसीची उडती नौका

तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातील काळ्या मातीचे व कापसाचे गाव. उत्तरेस पैनगंगा, तिच्यापलीकडे यवतमाळ. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारातल्या भांडणात दोन्ही, असा येथील व्यवहार. पूर्वेचा समुद्र येथून पाचशे किलोमीटरांच्या आसपास, पश्चिमेचा त्याहून दूर. अशा गावी आम्ही गतवर्षी पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची प्रतिकृती करावयास घेतली, हे ऐकून वाचकांस हसू येईल. आमच्या घरातही ते आलेच.

निमित्त झाले नकाशाचे. १९२५ साली फ्रांचेस्को दे पिनेदो हा इटालियन वैमानिक अर्नेस्तो कांपानेल्ली या यंत्रज्ञास बरोबर घेऊन माज्जोरे सरोवराजवळील सेस्तो कालेंदे येथून एप्रिलमध्ये निघाला आणि ऑस्ट्रेलिया व जपान गाठून नोव्हेंबरात रोमला परतला. प्रवास सुमारे ५५,००० किलोमीटरांचा. यान होते सावोया एस-१६ जातीची उडती नौका. तिचे धडच नावेसारखे असते. ‘जेन्नारिएल्लो’ हे तिचे नाव. नेपल्सच्या लोकांचा संत जेन्नारो, त्याचे हे लाडके रूप, आपण विठ्ठलास विठू म्हणतो तसे. विमानतळ थोडे, पण बंदर, नदी, सरोवर कोठेही सापडते, असा दे पिनेदोचा हिशेब होता.

वाटेत तो मुंबईस उतरला आणि तेथून काकिनाड्यास गेला. म्हणजे जलविहारी यान सुमारे हजार किलोमीटर दख्खनच्या पठारावरून गेले, तेही ऐन मे महिन्यात! आम्ही फळ्यावर ती रेघ ओढीत असता सातवीतला एक मुलगा उठला. “सर, इंजिन बंद पडलं असतं तर ते बसलं कुठं असतं?”

आम्हांस उत्तर आले नाही. तीस वर्षांच्या शिक्षकीत असे प्रसंग पुष्कळ आले. परंतु हा मुलगा एरवी तोंड उघडीत नसे, म्हणून प्रश्न मनात राहिला. संध्याकाळी नकाशा पसरून बसलो. उजनी, जायकवाडी, श्रीरामसागर ही सारी जलाशये नंतरची. हैदराबादेस हुसेनसागर होता, १९२० साली पुरा झालेला उस्मानसागर होता. हिमायतसागर १९२७ चा, म्हणजे तोही उशिराच. पुण्याकडील धरणे मागे पडली की मध्ये मोठे पाणी विरळाच, आणि वैशाखातल्या आमच्या नद्या म्हणजे वाळू. त्या दोघांच्या छातीचे माप त्या रात्री आम्हांस कळले.

त्याच मुलाच्या हाती कोरणी दिली. त्याचे वडील सुतारकाम करतात. लाकूड आणले निर्मळच्या खेळण्यांचे, पोनिकीचे. हलके आणि हातास मऊ. मूळ पंखांचा पसारा सुमारे साडेपंधरा मीटर. आम्ही पंचवीस पट लहान, ६२ सेंटिमीटरांचा केला. दोन मजली पंख, त्यांच्यामध्ये उंच बसविलेले इंजिन आणि त्याच्या पाठीमागे पंखा. नावेच्या बुडाला मध्येच एक पायरी असते. गुळगुळीत बुडाला पाणी चिकटून धरते, पायरीपाशी हवा शिरली की नाव सुटते. आमच्या प्रतिकृतीस दोरीने ओढून याचा पडताळा काही आला नाही. तरी पायरी कोरली.

सांधे चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा मिसळून भरले, निर्मळच्या कारागिरांप्रमाणे. येथेच आमचे पांडित्य उघडे पडले. मत्तडी वागूच्या जलाशयावर सारा वर्ग गोळा झाला, नाव सोडली. ती प्रथम एका अंगावर कलली, मग उलटली आणि पाहता पाहता वरचा पंख सुटून वेगळा तरंगू लागला. खेळणे कपाटात ठेवायचे असते, पाण्यात नव्हे, हे एम. ए. झालेल्या माणसास सुचले नव्हते. मुले हसली. तो मुलगा गुडघाभर पाण्यात शिरला, पंख घेऊन आला आणि काठावरच्या कोळ्याकडे त्याने जाळ्याची दोन शिसे मागितली.

शिसे बुडाशी बसविली, सांधे ॲराल्डाइटने जोडले, तेलरंग दिला. यास फेब्रुवारी उजाडला. तोवर कळले की जूनपासून तो आदिलाबादच्या तेलुगू शाळेत जाणार. मामांकडे सोय झाली आहे. आमच्या मराठी वर्गाची पटसंख्या नऊ होती. आम्ही वडिलांशी एकदा बोललो. ते म्हणाले, “सर, पुढं सारं त्यातच हाय.” त्यावर आम्ही काही बोललो नाही.

नाव पुन्हा सोडावयाच्या आदल्या दिवशी नाव लिहिण्याचे काम निघाले. उजव्या अंगास आम्ही ‘जेन्नारिएल्लो’ असे देवनागरीत लिहिले. जोडाक्षर दोनदा चुकले. डाव्या अंगास तेलुगूत लिहू का, असे त्याने विचारले. अक्षरे तो महिनाभर गिरवीत होता, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्याने लिहिले, आम्ही दिवा धरला. दुसऱ्या दिवशी पाण्यावर ती नाव सरळ उभी राहिली आणि वाऱ्याने फिरत फिरत एकदा एक नाव दाखवी, एकदा दुसरे.