माझं, मला आणि माझ्याकडे

नात सध्या स्पॅनिश शिकतेय. परवा फोनवर विचारलंन, "आजी, 'तेंगो'ला मराठीत एकच शब्द सांग ना." तेंगो म्हणजे इंग्रजीतलं 'आय हॅव'. म्हटलं, अगं, असा शब्द आपल्याकडे नाहीच!

शाळेत इंग्रजी शिकवताना याचा अनुभव भरपूर घेतलाय. 'हॅव' म्हणजे 'माझ्याकडे' असं एकदा सांगितलं की मुलं बिनधास्त लिहायची, "माझ्याकडे ताप आहे." आपण पैसे माझ्याकडे म्हणतो, ताप मला, घर माझं आणि धमक असलीच तर माझ्यात. स्पॅनिश माणूस मात्र मुलं, ताप, भूक, एवढंच काय, स्वतःचं वयसुद्धा 'तेंगो' म्हणूनच सांगतो. सत्तर वर्षं बाळगून आहे म्हणे!

गंमत म्हणजे या भाषांची आई लॅटिन. तिच्यात आपल्यासारखी रचना होती. 'मिही लिबेर एस्त', शब्दाला शब्द 'मला पुस्तक आहे'. शिवाय 'हाबेरे' हे क्रियापदही होतं. त्यातून फ्रेंचचं 'आव्हवार' आणि इटालियनचं 'आव्हेरे' आलं. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी मालकीसाठी 'तेनेरे' उचललं, म्हणजे मुळात हातात धरून ठेवणं.

पोर्तुगीज गोव्यात 1510 ते 1961 होते. त्यांच्याकडून आपण चावी घेतली, पगार घेतला, बटाटा आणि पावही घेतला. पण धरून ठेवायचं क्रियापद काही घेतलं नाही. कोकणी माणूस आजही 'म्हाका' आणि 'म्हजेकडेन' असंच म्हणतो.

आणखी एक. 'तेंगो'मध्ये मी कर्ता. आपल्या 'मला दोन मुलं आहेत' या वाक्यात कर्ता मुलं, क्रियापद त्यांच्या वचनाप्रमाणे चालतं. मी आपली चतुर्थीत कडेला उभी. म्हातारपणी हे व्याकरण फार पटतं हो!

यजमान जाऊन सहा वर्षं झाली. 'मला नवरा होता' असं काही आपण म्हणत नाही, 'हे होते' म्हणतो. त्यांच्या पुस्तकांची तीन कपाटं मात्र आहेत. मुलं म्हणतात, आई, तुझी पुस्तकं कमी कर, धुळीनं खोकतेस. खोकला मला आहे, खरं. पण पुस्तकं माझी नाहीत, ती माझ्याकडे आहेत. हा फरक इतकी वर्षं फळ्यावर लिहून दाखवला, पण कपाटासमोर उभी राहिले तेव्हा त्याचं वजन कळलं. माझ्याकडे आहे ते कधीतरी पुढे सोपवायचं असतं.

म्हणून दोन कपाटं करवीर नगर वाचन मंदिराला विचारून द्यायची ठरवलीत. 1850 पासूनची संस्था, वाचणारे हात मिळतील. तिसरं कपाट राहू दे. त्यातल्या पुस्तकांच्या समासात यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ते माझं.

तुमच्या बोलीत कसं म्हणतात, जरूर कळवा.